एका दिवसातली ध्वनिमुद्रिका

इंग्लंडच्या मध्यभागी वसलेले बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. दुसऱ्या महायुद्धात त्यावर बाँबवर्षाव झाला आणि त्याच्या खुणा पुढे कित्येक वर्षे बुजल्या नव्हत्या. तेथील ॲस्टन या कामगारवस्तीत वाढलेल्या चार तरुणांनी १९६८ साली एक वाद्यवृंद उभा केला. टोनी आयोमी गिटार वाजवी, गीझर बटलर बेस गिटार, बिल वॉर्ड ड्रम. गायक होता ऑझी ऑझबर्न. याच वृंदाने पुढे 'ब्लॅक सॅबथ' हे नाव धारण केले.

वृंद जन्मास येण्यापूर्वीच त्याच्या संगीतावर कारखान्याची मुद्रा उमटली होती. सतरा वर्षांचा आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या अखेरच्या दिवशीच यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची अग्रे तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका हाच! तो निराश झालेला पाहून कारखान्यातील एका वरिष्ठाने त्यास जँगो रेनहार्टची तबकडी ऐकविली. आगीत दोन बोटे निकामी झालेली असूनही रेनहार्ट थोर गिटारवादक ठरला होता. आयोमीने मग प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर चामडे चढविले आणि जाड तारांऐवजी हलक्या तारा वापरल्या. जखमी हाताला पेलेल अशी वादनपद्धती त्याने स्वतःच घडविली.

१९६९ च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये वृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका तयार झाली. निर्माता रॉजर बेन याच्या देखरेखीखाली चौघांनी आपली गीते रंगमंचावर वाजवावी तशी एकत्र वाजविली आणि सुमारे एका दिवसात काम आटोपले. पाऊस, मेघगर्जना व घंटानाद मागाहून मिसळण्यात आले.

वृंदाचेच नाव धारण करणाऱ्या पहिल्या गीताचा गाभा तीन स्वरांचा आहे. आपल्या परिभाषेत सांगायचे तर षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. यमनात हाच तीव्र मध्यम पंचमाकडे झुकून सायंकाळ प्रसन्न करतो. पाश्चात्त्य परंपरेने मात्र षड्जापासूनचे हे अंतर दीर्घकाळ अस्वस्थ करणारे मानले. येथे तो स्वर विलंबित लयीत, घोगऱ्या ध्वनिवर्धकातून अधांतरी घुमत राहतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात भय दाटू लागते.

१३ फेब्रुवारी १९७० रोजी ही ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाली. अनेक समीक्षकांनी तिची हेटाळणी केली; श्रोत्यांनी तिला ब्रिटनच्या विक्रीयादीत आठव्या स्थानापर्यंत नेले. त्या काळच्या लोकप्रिय गीतांतील फुलांचे आणि विश्वप्रेमाचे जग ॲस्टनच्या गल्ल्यांना परके होते. त्या गल्ल्यांतील उदासीला येथे प्रथमच आपला आवाज सापडला. पुढे 'हेवी मेटल' म्हणून ओळखल्या गेलेल्या संगीताचा आरंभ अनेक अभ्यासक येथूनच मानतात.

५ जुलै २०२५ रोजी हे चौघे अखेरचे एकत्र वाजले, तेही ॲस्टनमधील व्हिला पार्क या मैदानावर. त्यानंतर सतराव्या दिवशी ऑझबर्न निवर्तला. घाईने एका दिवसात मुद्रित झालेले ते स्वर मात्र आजही जगभरच्या तरुण वादकांच्या बोटांत आहेत.