सतरा जुलैला थांबलेले कॅलेंडर

१७ जुलै २००२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्ड एक्स्पोमध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी ‘आयकॅल’ या ॲपलच्या नव्या कॅलेंडरची घोषणा केली. त्याच्या आयकॉनवर वर लाल पट्टीत जुलै महिना आणि खाली ठसठशीत १७ हा आकडा होता. हे ॲप लोकांच्या हाती पडले ते मात्र १० सप्टेंबरला. म्हणजे वापरकर्त्याच्या संगणकावर ती तारीख पहिल्या दिवसापासूनच शिळी होती, आणि पुढली पाच वर्षे ती तशीच राहिली.

पडद्याच्या तळाशी आयकॉनांची जी पट्टी असते तिला मॅकवर ‘डॉक’ म्हणतात. त्यात मेलच्या आयकॉनवर टपाल तिकीट होते, पुढे सफारीच्या आयकॉनवर होकायंत्र आले. त्या होकायंत्राकडे पाहून कोणी उत्तर दिशा ठरवत नाही. कॅलेंडरच्या पानाचे तसे नसते. त्यावर आकडा दिसला की नजर तो वाचते आणि मन त्यावर विश्वास ठेवते. त्यातच वरच्या कोपऱ्यातले घड्याळ त्या काळी वेळ आणि फार तर वार दाखवी. तारखेसाठी त्यावर क्लिक करावे लागे. मग धनादेशावर तारीख घालताना नजर सहजच डॉककडे वळणार, आणि तिथे बारा महिने तेरा काळ जुलैची सतरा!

दोषाचे मूळ साधे होते. डॉकमधला आयकॉन हे ॲपसोबत आलेले एक स्थिर चित्र. ॲप चालू झाले की ते त्या चित्रावर स्वतःच्या हाताने आजची तारीख रेखाटू शके. बंद झाले की डॉक पुन्हा मूळ चित्र दाखवी. घरात रोज पान फाडायचे कॅलेंडर असावे आणि पान फाडणारा माणूसच झोपलेला असावा, तसा हा प्रकार. त्याला उठवले की तारीख बरोबर. तो पुन्हा झोपला की फाडलेली पाने जागच्या जागी चिकटलेली.

जाणत्यांनी यावर तोडगा काढला तो असा, की संगणक सुरू होताच आपोआप उघडणाऱ्या ॲपच्या यादीत आयकॅल घालायचे आणि त्याची खिडकी लपवून ठेवायची. तोडगा चाले, पण महाग होता. त्या वेळच्या ‘जॅग्वार’ या मॅक प्रणालीची किमान अपेक्षा १२८ मेगाबाइट मेमरीची होती. एवढ्या तुटपुंज्या जागेत केवळ एक आकडा खरा राहावा म्हणून अख्खे ॲप दिवसभर जागे ठेवायचे!

खरी दुरुस्ती २६ ऑक्टोबर २००७ रोजी ‘लेपर्ड’बरोबर आली. पान फाडण्याचे काम ॲपकडून काढून एका छोट्या पूरक तुकड्याकडे दिले गेले. हा तुकडा डॉकच सांभाळी. त्यामुळे ॲप बंद असतानाही आयकॉनवर आजची तारीख उमटू लागली. २००९ च्या ‘स्नो लेपर्ड’मध्ये ही सोय इतर विकसकांनाही रीतसर खुली झाली. तरीही कधी डॉक अडकतो आणि आयकॉनवर कालचीच तारीख राहते. अशा वेळी डॉक बंद पाडून पुन्हा सुरू होऊ द्यावा, किंवा आयकॉन डॉकमधून काढून ॲप्लिकेशन्स फोल्डरातून परत ओढून आणावा, हे जुनेच उपाय. डॉक असा सुधारला, पण ॲपचे मूळ चित्र १७ जुलैचेच राहिले.

तारीख गोठण्याचा हा प्रकार नाण्यांच्या अभ्यासकांना नवा वाटणार नाही. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेसा १७८० मध्ये निवर्तली, पण तिच्या नावाचे चांदीचे थालर त्यानंतरही १७८० हेच साल घालून पाडले जात राहिले. १९४०-४१ मध्ये तर मुंबईच्या टांकसाळीतही. ईस्ट इंडिया कंपनीच्या कलकत्ता टांकसाळीनेही शाह आलम दुसरा याच्या नावाचे रुपये वर्षानुवर्षे ‘जुलूस १९’ याच राज्यवर्षाचे पाडले. साल बदलले की सराफ जुन्या नाण्यावर बट्टा कापत. तो टाळण्यासाठी ही युक्ती. तिथे साल मुद्दाम गोठवले होते. आयकॅलची तारीख केवळ तांत्रिक मर्यादेमुळे गोठली, आणि तिचा प्रवास मात्र थालरसारखाच दूरवर झाला.

युनिकोडने २०१० मध्ये कॅलेंडरच्या इमोजीला संकेतांक दिला. तारीख कोणती काढायची हे ज्याने त्याने ठरवायचे होते. ॲपलच्या चित्रकारांनी घरचीच तारीख उचलली. २०१४ मध्ये इमोजीपीडियाचे संस्थापक जेरेमी बर्ज यांनी त्याच चित्रावरून १७ जुलै हा जागतिक इमोजी दिन ठरवला. २०१६ मध्ये प्रतिस्पर्धी गूगलनेही आपल्या कॅलेंडर इमोजीवर १७ जुलै आणली. सदैव चुकीचा म्हणून लोक ज्यावर वैतागत, तो आकडा आता सर्वांनी मानलेला सण झाला.

भविष्यात कोणा अभ्यासकाच्या हाती त्या काळातल्या मॅकच्या पडद्याचे एखादे जुने चित्र पडले, तर त्याने आयकॉनवरची १७ जुलै हा त्या चित्राचा दिनांक मानू नये. त्यातून फार तर इतके कळेल की चित्र जुलै २००२ नंतरचे आहे, बहुधा लेपर्डपूर्वीचे आहे आणि त्या क्षणी आयकॅल बंद होते. पडताळा आयकॉनच्या खालीच मिळतो: ॲप चालू असेल तर तिथे छोटा काळा त्रिकोण दिसे. त्रिकोण असेल, तर तारीख खरी धरायला हरकत नाही. नसेल, तर कोपऱ्यातल्या घड्याळातला वार पाहावा. १७ जुलै २००४ ला शनिवार होता.