पन्हाळा : नांदता गड



आपल्या ठाण्याच्या किल्ल्यात आज कारागृह आहे, आणि शहापूरजवळच्या माहुलीवर रान माजले आहे. मराठी मुलखातील पुष्कळ गडांची कथा अशीच आहे. राज्य गेले, शिबंदी उतरली आणि गड ओस पडले. पन्हाळा याला अपवाद होय. कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे वीस किलोमीटरांवर, डोंगरमाथ्यावरील जुन्या तटाच्या आत, आजही तीनेक हजार वस्तीचे गाव नांदत आहे.

असे का व्हावे? माथा ऐसपैस, तटाचा घेर सात किलोमीटरांहून अधिक, आणि वर पाण्याची सोय. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याची राजधानी येथे होती. अफझलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांत, 28 नोव्हेंबर 1659 रोजी, शिवाजी महाराजांनी हा गड घेतला. 1660 साली सिद्दी जौहरच्या वेढ्यात महाराज येथे चार महिने राहिले. त्या प्रसंगी आपणांस बाजीप्रभू आठवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु धान्यपाण्यावाचून चार महिने कोणताही गड झुंजत नसतो. गंगा, यमुना आणि सरस्वती ही येथील प्रचंड धान्यकोठारे पाहिली म्हणजे हे मनोमन पटते.

पुढे ताराबाईंनी येथून राज्य चालविले. 1729 साली कविवर्य मोरोपंतांचा जन्म याच गडावर झाला. म्हणजे येथे केवळ तोफा नव्हत्या, पाळणेही हलत होते! 1782 साली राजधानी कोल्हापुरास गेली, तरी गाव उठले नाही.

गडाची राखण करणाऱ्या गडकऱ्यांना वंशपरंपरेने जमिनी असत. नव्या कारभाराने त्या हक्कांना हात घातला, तेव्हा 1844 साली त्यांनी बंड केले. इंग्रजांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात गड जिंकला आणि चार दरवाजा पाडून टाकला. दरवाजा गेला, माणसे राहिली.

2025 च्या जुलैत युनेस्कोने पन्हाळ्यासह बारा मराठा दुर्गांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्याआधी गावकऱ्यांना धास्ती होती ती आपल्या घरादाराची : उद्या निर्बंध आले तर आम्ही जावयाचे कोठे? दोन काळ निराळे, प्रसंग निराळे. पण गड कोणाचा, हा प्रश्न तोच आहे.

माझे उत्तर साधे आहे. दगड जपलेच पाहिजेत, आणि गावानेही ते आपले म्हणून जपावेत. मात्र सांजवात लावणारी माणसे खाली उतरवून जो गड जपला जाईल, तो पन्हाळा नव्हे. त्याचे ते स्मारक असेल.