वक्फाचे गाव : जुमालीकिझिक

तुर्कस्तानात बुर्सा शहरी कधी जाणे झाले तर तेथील मशिदी तुम्ही पाहालच. पण शहराच्या पूर्वेस, उलुदाग डोंगराच्या उतारावर वसलेले जुमालीकिझिक हे खेडेही अवश्य पाहा.

ओरहान गाझीने १३२६ मध्ये बुर्सा घेतले व पुढे तेथे मशीद, मदरसा, हमाम आणि गोरगरिबांसाठी लंगर उभारला. इमारत एकदा बांधून होते. पण रोजचा खर्च कोठून यावा? जुमालीकिझिक त्यासाठीच वक्फाला जोडलेले होते. येथील शेतीचे उत्पन्न शहरातल्या त्या संस्थांना जाई. घुमट सर्वांना दिसतात. ते पोसणारा शेतकरी आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच भेटतो!

आसपासच्या किझिक गावांची माणसे जुम्म्याच्या नमाजास येथे जमत, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. गल्ल्या दगडी, अरुंद. घरांचा तळमजला दगडाचा, वर लाकूड आणि कच्च्या विटा. माडी गल्लीवर पुढे आलेली. २०१४ मध्ये युनेस्कोने बुर्साला जागतिक वारशात घेतले, तेव्हा या खेड्यालाही त्याच नोंदीत स्थान दिले. मदरशाच्या शेजारी त्याचे शेत मांडले गेले, ते असे.