एका गळलेल्या विशेषणाची कथा : प्रॉप, लिंगो आणि गोंडवनातील कथाविचार

व्लादिमीर प्रॉप यांचा कथेच्या रूपविज्ञानावरील ग्रंथ १९२८ मध्ये लेनिनग्राड येथे प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या शीर्षकातून एक शब्द गळालेला होता. प्रॉप यांनी ग्रंथाला ‘अद्भुतकथेचे रूपविज्ञान’ असे नाव दिले होते. संपादकाने ‘अद्भुत’ हे विशेषण काढून टाकले. आपला विषय समग्र लोककथा हा नव्हता, तर तिचा एक विशिष्ट प्रकार एवढाच होता, असा खुलासा प्रॉप यांना पुढे १९६६ मध्ये, इटालियन आवृत्तीच्या निमित्ताने क्लोद लेव्ही-स्ट्राउस यांना उत्तर देताना करावा लागला. मराठी लोकसाहित्यविचारात प्रॉप आले ते प्रामुख्याने १९५८ च्या इंग्रजी अनुवादाच्या वाटेने, म्हणजे हे विशेषण नसलेल्या शीर्षकासह. त्यामुळे एकतीस कार्ये आणि सात कार्यक्षेत्रे यांचा आराखडा कोणत्याही मौखिक कथनाला लावता येतो, असा समज दृढ झाला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील कथनपरंपरा समोर ठेवली की या समजाची मर्यादा विशेष स्पष्ट होते.

प्रॉप यांच्या विश्लेषणामागे एक भक्कम संग्रह उभा होता, ही गोष्ट येथे लक्षात घेणे अगत्याचे आहे. अलेक्सांद्र अफानासेव्ह यांनी १८५५ ते १८६३ या काळात रशियन लोककथांचे खंड प्रसिद्ध केले. त्यांतील शंभर कथा प्रॉप यांनी विवेचनासाठी घेतल्या. याच सुमारास नागपुरात स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप मध्य प्रांतातील आदिवासींविषयी सामग्री जमवीत होते. १८६३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी त्यांची टिपणे संपादित करून प्रसिद्ध केली. त्यांत गोंडांचा आदिपुरुष लिंगो याचे दीर्घ गीत आहे. काळ एकच, परंतु फलित भिन्न. अफानासेव्हचा संग्रह त्याच भाषेच्या वाचकांसाठी त्याच भाषेत छापला गेला आणि त्यावर तेथील विद्वत्तेची इमारत उभी राहिली. गोंडी गीत मात्र रोमन लिपीत, इंग्रजी भाषांतराच्या सोबतीने, प्रशासकांच्या व अभ्यासकांच्या उपयोगासाठी छापले गेले. ज्यांचे ते गीत होते त्यांच्या हाती ते ग्रंथरूपाने पोचण्याची सोयच त्या व्यवस्थेत नव्हती.

आता हे गीत प्रॉप यांच्या चौकटीत ठेवून पाहावे. महादेवाने गोंडांना गुहेत कोंडले आहे. त्यांच्या सुटकेसाठी तो लिंगोला एका प्रचंड पक्ष्याची पिल्ले आणण्याची कामगिरी सांगतो. पिल्ले गिळू पाहणाऱ्या सर्पाला लिंगो मारतो आणि कृतज्ञ झालेला पक्षी त्याला पाठीवर घेऊन इच्छित स्थळी पोचवतो. कठीण कामगिरी, साहाय्यकर्त्याची प्राप्ती, स्थलांतर आणि कामगिरीची सिद्धी ही प्रॉप यांची कार्ये येथे जवळजवळ जशीच्या तशी आढळतात. पिल्लांना वाचवल्याबद्दल नायकाला वाहून नेणारा महापक्षी रशियन अद्भुतकथेलाही परिचित आहे. येथपर्यंत आराखडा यशस्वी ठरतो. आणि नेमके याच यशात तो फसवतो.

कारण प्रॉप यांच्या क्रमातील अखेरचे कार्य म्हणजे नायकाचा विवाह आणि राज्यारोहण. लिंगो विवाह करीत नाही. त्याचे चार भाऊ विवाह करतात, तो स्त्रियांना नकार देतो. त्यातूनच त्याच्यावर आळ येतो, भावांकडून त्याचा वध होतो आणि तो पुन्हा जिवंत होतो. गुहेतून सोडवलेल्या गोंडांची तो कुळांमध्ये विभागणी करतो, देवपूजा आणि विवाहविधी घालून देतो. त्याला राज्य मिळत नाही. मिळते ती समाजाला व्यवस्था. ही व्यवस्था केवळ गीतातली नव्हे. चार, पाच, सहा आणि सात देव मानणारी कुळे आणि समान देवसंख्येच्या कुळांत विवाह न करण्याचा दंडक चंद्रपूरकडच्या गोंड समाजाला आजही परिचित आहे. ज्या कथनाच्या शेवटावर सोयरीक ठरते, त्या कथनाला ‘लोककथा’ म्हणून एकतीस कार्यांच्या तक्त्यात बसवणे म्हणजे धर्मशास्त्राला अद्भुतकथा म्हणण्यासारखे आहे. गळलेल्या विशेषणाची किंमत ती हीच.

याचा दोष प्रॉप यांच्याकडे जात नाही. रूपाचे वर्णन ही इतिहासाच्या अभ्यासाची पूर्वतयारी आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अद्भुतकथेच्या ऐतिहासिक मुळांवरील ग्रंथात त्यांनी कथाघटकांचा संबंध दीक्षाविधी आणि मृत्यूविषयक कल्पना यांच्याशी जोडला. हे दोन्ही ग्रंथ एकाच कार्याचे दोन भाग आहेत, असेही त्यांनी सांगितले. रूप आशयापासून तोडल्याचा आक्षेप लेव्ही-स्ट्राउस यांनी १९६० मध्ये घेतला, तो पूर्वार्धापुरता. परंतु उत्तरार्धातील काही प्रकरणे इंग्रजीत आली ती १९८४ मध्ये. इंग्रजीवर विसंबलेल्या मराठी समीक्षेने पंचवीसहून अधिक वर्षे अर्धाच प्रॉप वाचला. मूळ रशियन वाचणारा अभ्यासक आणि लोकसाहित्याचा अभ्यासक हे विद्यापीठांच्या वेगवेगळ्या विभागांत राहिले, हेही त्याचे एक कारण म्हणावे लागेल.

मात्र केवळ अनुवादाची उणीव भरून काढल्याने प्रश्न सुटणार नाही. १९८२ मध्ये गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, २०११ मध्ये तेथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. गोंडी, माडिया, कोलामी आणि झाडीबोली या भाषा एकमेकींच्या शेजारी नांदत असलेल्या या प्रदेशात कथा एका भाषेतून दुसरीत जाताना तिच्यातील काय टिकते आणि काय बदलते, हे तपासण्याची संधी आहे. पात्रे बदलतात, कार्ये टिकतात, हा प्रॉप यांचा सिद्धांत अशा बहुभाषिक सामग्रीवरच खऱ्या अर्थाने पारखता येईल. त्यासाठी प्रथम हवी ती मूळ भाषेतील, कथन करणाऱ्याचा समाज, प्रसंग आणि विधी यांच्या नोंदीसह केलेली संहिता. रशियात सिद्धांताच्या साठसत्तर वर्षे आधी संग्रह झाला होता. मराठी अभ्यासाने सिद्धांत आधी आणला. संग्रहाचे ऋण अद्याप फेडायचे आहे.