ठिगळ आणि सव्वीस दिवस

ऑगस्ट २००३ मध्ये ज्यांच्या घरी संगणक होता, त्यांपैकी काहींना ती चौकट आठवत असेल. इंटरनेट जोडले की थोड्याच वेळात पडद्यावर सूचना येई : संगणक बंद होत आहे, हातातले काम साठवून ठेवा. खाली साठ सेकंद उलटे मोजले जात. मग संगणक बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू. पुन्हा इंटरनेट जोडा, पुन्हा तेच. यंत्र बिघडले असेच कुणालाही वाटावे. पण बिघाड यंत्रात नव्हता. हा ‘ब्लास्टर’ नावाचा वर्म होता.

‘वर्म’ हा इंग्रजी शब्द, अर्थ किडा. मराठीतही वर्म आहे. त्याचा अर्थ दुखरी, नाजूक जागा. इथे दोन्ही अर्थ लागू पडतात, कारण हा किडा शिरतो तो वर्मातूनच. व्हायरसला पसरायला बहुधा आपली मदत लागते. ई-मेलबरोबर आलेली फाइल आपणच उघडतो. ब्लास्टरला तेवढीही गरज नव्हती. संगणकावर विंडोज एक्सपी किंवा विंडोज २००० असावे आणि तो इंटरनेटला जोडलेला असावा, एवढे पुरे. गंमत अशी, की ज्यांच्याकडे जुने विंडोज ९८ होते त्यांना काहीच झाले नाही. ते छिद्र त्यात नव्हतेच.

हे छिद्र काही अज्ञात नव्हते. पोलंडमधल्या चार संशोधकांच्या गटाने ते शोधले, मायक्रोसॉफ्टला कळवले आणि त्यातून आत शिरण्याची कृती मात्र स्वतःकडेच ठेवली. १६ जुलै २००३ रोजी मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती, म्हणजे ‘पॅच’, सर्वांसाठी खुली केली. ब्लास्टर आला ११ ऑगस्टला. मध्ये सव्वीस दिवस होते.

पॅच म्हणजे ठिगळ. आणि कापड कुठे फाटले होते ते ठिगळच सांगते. जाणकार माणूस दुरुस्तीपूर्वीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवतो. बदल कुठे झाला यावरून छिद्र ओळखतो. जुलै संपण्याआधीच आत शिरण्याची कृती इंटरनेटवर फिरू लागली. अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने जाहीर इशाराही दिला. म्हणजे औषध बाजारात आले त्या दिवसापासून, ते न घेणाऱ्याचा धोका पूर्वीपेक्षा वाढला. घरी पत्रे लिहिणाऱ्या, मुलांचे निकाल पाहणाऱ्या माणसाला हे कळायचे कसे?

म्हणून त्याला आळशी म्हणणे मला पटत नाही. एक्सपीमध्ये फायरवॉल होती, पण ती बंद ठेवूनच दिलेली असे. आपल्याकडे इंटरनेट बहुतेक घरांत टेलिफोनच्या तारेवरून येई. मिनिटामिनिटाला बिल वाढे आणि तेवढा वेळ फोन अडून राही. ज्यांच्याकडे विंडोजची प्रत विकत घेतलेली नव्हती, आणि अशी घरे थोडी नव्हती, त्यांना अपडेट म्हटले की चोरी उघडी पडण्याची धास्ती. त्यातून एक चक्र तयार झाले : औषध आणायला इंटरनेटवर जावे, तर औषध हाती येण्याआधीच साठ सेकंदांची मोजणी सुरू.

ब्लास्टरच्या पोटात बिल गेट्स यांच्यासाठी निरोप होता. पैसे कमावणे थांबवा आणि सॉफ्टवेअर दुरुस्त करा, असा त्याचा आशय. दुरुस्ती तर झालेली होती! उलट या वर्मनेच १६ ऑगस्टपासून मायक्रोसॉफ्टच्या अपडेटच्या पत्त्यावर हल्ला करायचा बेत केला होता. पण त्यात लिहिलेला पत्ता मुख्य नव्हता, मुख्य पत्त्याकडे वळवणारा होता. कंपनीने तो आदल्या दिवशी बंद केला आणि सेवा वाचली.

१८ ऑगस्टला ‘वेल्चिया’ आला. हा परोपकारी वर्म! त्याच छिद्रातून शिरायचे, ब्लास्टरला काढून टाकायचे, पॅच आणून बसवायचा. विचारायचे मात्र कुणाला नाही. त्याच्या गर्दीने जाळी तुंबली. एअर कॅनडाची प्रवासी नोंदणीसुद्धा विस्कळीत झाली.

यानंतर मायक्रोसॉफ्टने घडी बदलली. ऑक्टोबर २००३ पासून दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येऊ लागल्या. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला; त्यात फायरवॉल चालू स्थितीत होती आणि अपडेट आपोआप घेण्याचा आग्रह होता. पूर्ण संच सुमारे २६६ एमबीचा. टेलिफोनच्या तारेवरून तो उतरवायला अख्खी रात्र पुरली नसती, म्हणून त्याची सीडीही मिळे. भर कामात संगणक स्वतःहून बंद होऊन अपडेट घेतो याचा राग आपल्या सर्वांनाच येतो. पण ती सवय त्याला कुठून लागली, हे त्या सव्वीस दिवसांत आहे.

तरीही १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनमधल्या रुग्णालयांचे संगणक कुलूपबंद केले, तेव्हा त्या छिद्राचा पॅच १४ मार्चला निघालेला होता. बाधितांत सर्वाधिक संगणक विंडोज सेव्हनचे होते, म्हणजे ज्यांना तो पॅच फुकट मिळत होता त्यांचेच. एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी संपला होता. तरी मायक्रोसॉफ्टने अपवाद करून त्याच्यासाठीही ठिगळ काढले.

विंडोज टेनची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तोही दुसरा मंगळवारच होता. ज्यांनी जादा मुदतीसाठी नाव नोंदवले नाही, त्यांचे संगणक दुसऱ्या दिवशीही नेहमीसारखेच सुरू झाले. पडद्यावर कसलीही उलटी मोजणी नव्हती.