बिब्ब्याची खूण

कर्जत-खालापुराकडील रानांत हिंडणाऱ्यास बिब्बा ओळखावा लागतो. नारिंगी बोंडाच्या टोकाला बसलेलें तें काळें फळ दिसण्यांत निरुपद्रवी. पण त्याच्या तेलानें टांचेच्या भेगा बुजविणारी आजी आणि त्याच तेलानें अंगभर उतलेला नातू एकाच घरांत सांपडावयाचीं. कोणाच्या कार्यांत ‘बिब्बा घालणें’ हा वाक्प्रचार भाषेनें उगीच उचललेला नाहीं! चरकसंहितेंत भल्लातकाचें रसायन सांगितलें आहे, पण तें घेण्यापूर्वीं तोंडाला आंतून तूप लावावें, अशी ताकीदहि आहे.

परटांनीं ह्याच रसाला चुन्याची जोड देऊन कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा केल्या. ‘सेमेकार्पस’ ह्या शास्त्रीय नांवाचा अर्थहि खुणेचें फळ असाच आहे. दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांत आलेल्या गोऱ्या शिपायांस मानेवर, कमरेवर, नेमकी जेथें परटाची खूण टेकेल तेथेंच खाज व फोड येऊं लागले. अमेरिकन लष्करी डॉक्टरांनीं १९४३ सालीं ह्या विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांच्याकडील ‘पॉयझन आयव्ही’ ही वेल बिब्ब्याच्याच कुळांतली. आपले आंबा नि काजूहि त्यांतलेच.

दोष नेमक्या कोणत्या पदार्थाचा, हें त्वचेलाच विचारण्याची रीत याडासोन ह्या जर्मन वैद्यानें १८९५ सालीं मांडली. संशयित पदार्थ पट्टीखालीं पाठीवर ठेवतात, सुमारें ४८ तासांनीं पट्टी काढतात, आणि पुढें एकदोन दिवसांनीं त्वचा पुन्हां पाहतात. ऐकावयास सोपें, पण बिब्ब्याचें तेल जसेंच्या तसें लाविलें, तर तें कोणालाहि पोळेल, आणि ॲलर्जी कोणास हें कळणारच नाहीं. दाह सर्वांस होतो, ॲलर्जी कांहींनाच. म्हणून पदार्थ अतिशय पातळ करावा लागतो. शिवाय परीक्षेनेंच नवी ॲलर्जी जडण्याची भीति असते, ती वेगळीच.

कारखान्यांतील नव्या द्रव्यांची परीक्षा पुढें गिनीपिगांवर होऊं लागली. भारतांत २०१४ सालीं सौंदर्यप्रसाधनांसाठीं प्राण्यांवरील प्रयोग बंद झाले, हें योग्यच झालें. सिमेंटांतील क्रोमियम गवंड्याच्या हातांस बाधतें, म्हणून युरोपानें २००५ सालीं त्यावर मर्यादा घातली.

शिपायाच्या मानेची चौकशी झाली; ग्राहकाच्या गालाचीहि होते. विदर्भांत बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांच्या हातांवर तेल रोजच उडतें. डिंकाच्या लाडवांत ती गोडंबी आपण आवडीनें खातों.