मोटारसायकलची बॅटरी : चार्जिंग आणि साठवण

मोटारसायकलला लागणारी वीज साठवणारा, पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारा संचायक. भारतातल्या बहुतेक दुचाकींत ही बॅटरी १२ व्होल्टची आणि शिसे-आम्ल जातीची असते. राजदूतसारख्या जुन्या गाड्यांत ती ६ व्होल्टची असे. असा घट फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये पहिल्यांदा तयार केला आणि त्यामागचे रसायन आजही तेच आहे. १२ व्होल्टच्या डब्यात सुमारे २.१ व्होल्टचा एक असे सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. बॅटरीत किती वीज मावते ते अँपिअर-तासांत, म्हणजे बाजारच्या भाषेत ‘एएच’मध्ये, सांगतात. लहान गाड्यांची बॅटरी अडीच ते पाच एएचची, दीडशे सीसीच्या अनेक गाड्यांची ५ ते ९ची, तर काही वर्षांपूर्वीच्या सेल्फस्टार्ट बुलेटची १४ एएचची. डब्यावरच्या क्रमांकातही हे वाचता येते : १२एन५-३बी म्हणजे १२ व्होल्ट, ५ एएच.

पूर्वी बॅटरी बसली तरी किक मारून गाडी घरी आणता येत असे. हॉर्न मुका व्हायचा आणि इंडिकेटर मिणमिणायचे, एवढेच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे मानक लागू झाले, बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले आणि पेट्रोलचा पंपही विजेवर चालू लागला. बऱ्याच गाड्यांची किकही गेली. आता बॅटरी पार उतरलेली असली तर धक्का मारूनही गाडी सुरू होईलच असे नाही.

बॅटरी वापराने झिजते हे खरे, पण तिचा घात बहुतेक वेळा न वापरण्याने होतो. वीज खर्च होताना आतल्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट बारीक भुकटीसारखे जमते आणि चार्जिंगला लावले की परत विरघळते. मात्र अर्धी उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच पडून राहिली, तर पावसाळ्यात मिठाचा खडा व्हावा तसे त्या भुकटीचे कठीण स्फटिक बनतात. ते मग चार्जिंगनेही सुटत नाहीत आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. मेकॅनिक ‘सल्फेट धरलं’ म्हणतात ते हेच.

गणपतीला कोकणात आलेला चाकरमानी गाडी पडवीत लावून मुंबईला परततो आणि शिमग्याला येऊन बटण दाबतो. नुसती ‘टक्’. मधल्या सहा महिन्यांत गाडीला कुणी हातही लावलेला नसतो, तरी वीज गेली कुठे, याचा हिशेब सोपा आहे. घड्याळ, इंजिनाचा संगणक म्हणजे ईसीयू, चोरीचा अलार्म किंवा जीपीएस मिळून गाडी बंद असतानाही समजा ५ मिलीअँपिअर वीज ओढतात. महिन्याचे ७२० तास धरले, तर ३.६ एएच गेले. ९ एएचच्या बॅटरीचा हा ४० टक्के भाग. अडीच महिन्यांत सगळी रिकामी. शिवाय बॅटरी आतल्या आतही थोडी थोडी उतरतच असते आणि तापमान १० अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट होतो. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी म्हणूनच लवकर बसते.

महिना-दोन महिने गाडी हलणार नसेल, तर निदान बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडवून ठेवावे. बॅटरी काढून घरात आणता आली तर फारच उत्तम. काढताना निगेटिव्ह आधी, पॉझिटिव्ह नंतर. बसवताना नेमके उलट. हा क्रम नुसता पाठ करण्यापेक्षा त्यामागचे कारण समजून घ्यावे. निगेटिव्ह तार गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते, त्यामुळे सीटखालचा प्रत्येक उघडा धातू निगेटिव्हच असतो. आधी पॉझिटिव्हचा बोल्ट सोडवायला घेतला आणि दहाच्या पान्याचे मागचे टोक सांगाड्याला टेकले, तर बॅटरीतली सगळी ताकद त्या पान्यातून धावते. ठिणग्या उडतात, पाना जागीच चिकटतो आणि तापून हात भाजतो. निगेटिव्ह आधी सुटलेले असेल तर तोच पाना तिथेच टेकला तरी काही होत नाही. अंगठी आणि कडे मात्र काढूनच कामाला लागावे.

बॅटरी किती भरलेली आहे ते साध्या मल्टिमीटरने कळते. गाडी किंवा चार्जर बंद करून तीन-चार तास झाल्यावर मोजावे, लगेच मोजल्यास आकडा फुगलेला दिसतो. वरून पाणी घालावे लागणाऱ्या, म्हणजे पाण्याच्या बॅटरीला १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. सीलबंद बॅटरी पूर्ण भरल्यावर १२.८च्याही थोडी वर असते. रात्रभर चार्ज करूनही काटा १०.५च्या आसपास अडला, तर सहापैकी एक घट मेला असे समजावे. त्या बॅटरीवर आणखी पैसे घालू नयेत.

चार्जिंगचा ढोबळ नियम असा, की करंट क्षमतेच्या एक दशांश असावा : ९ एएचला ०.९ अँपिअर, ५ एएचला अर्धा. निम्मी उतरलेली बॅटरी या वेगाने सहा-सात तासांत भरते, पार उतरलेलीला बारा तासांहून जास्त लागतात. इथे घाई केली की नुकसान ठरलेले. घरच्या इन्व्हर्टरवर दुचाकीची बॅटरी लावणारे अनेक आहेत, पण इन्व्हर्टर १० ते १५ अँपिअर देतो. एवढ्याशा डब्यात पाणी उकळते, पट्ट्या वाकतात आणि सीलबंद बॅटरी फुगते. बॅटरीच्या दुकानातही एक गोष्ट बघून घ्यावी. तिथे बॅटऱ्या एका ओळीत जोडतात आणि ओळीतल्या सगळ्यांतून एकच करंट वाहतो. ट्रकच्या बॅटरीशेजारी आपली बॅटरी त्याच ओळीत लावलेली दिसली, तर ती बाहेर काढून वेगळी लावायला सांगावे.

सगळ्यांत चांगला तो दुचाकीसाठीचा स्वयंचलित चार्जर. तो १४.४ व्होल्टच्या आसपास नेऊन बॅटरी भरतो आणि मग १३.५ ते १३.८ व्होल्टवर नुसती जपून ठेवतो. त्याचे चिमटे आधी बॅटरीला लावावेत, मगच भिंतीवरचे बटण चालू करावे. काढताना आधी बटण बंद. पाच मिनिटे इंजिन नुसते सुरू ठेवून बॅटरी भरत नाही. सेल्फने खाल्लेली वीजही एवढ्या वेळात धड परत येत नाही.

बटण आणि चिमटे यांच्या क्रमामागे हायड्रोजन आहे. बॅटरी भरत आली की पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात; पाण्याच्या बॅटरीत बुडबुडे दिसतात. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते, डबा फुटून आम्ल थेट तोंडावर येते. म्हणून चार्जिंग खिडकीजवळ किंवा पडवीत करावे. देवघर, गॅसची शेगडी आणि विडी-सिगारेट यांपासून बॅटरी लांब असावी. पाण्याच्या बॅटरीची बुचे सैल करावीत, हवेची नळी दुमडलेली नाही हे बघावे. पाणी पाहायला काडी पेटवणे हा जिवावरचा खेळ आहे, विजेरी वापरावी. डोळ्यात किंवा अंगावर आम्ल उडाले तर वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावे आणि डोळ्याचा प्रश्न असेल तर त्यानंतर थेट डॉक्टरकडे जावे.

पाणी घालायचे ते डिस्टिल्डच. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार आणि लोह बॅटरीचे आयुष्य खातात. आम्ल पुन्हा कधीही घालू नये, कारण उडून जाते ते पाणी, आम्ल आतच असते. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरते पाणी आधी घालावे, वरच्या रेघेपर्यंतचे बाकीचे चार्जिंग झाल्यावर. चार्ज होताना पातळी वर चढते. टोकांवर पांढरा-हिरवा थर आला असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासावा, कोरडे करून व्हॅसलीन लावावे. हे पाणी घटाच्या तोंडातून आत जाऊ देऊ नये.

साठवायची बॅटरी आधी पूर्ण भरून, मग थंड, कोरड्या जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. पाण्याची बॅटरी महिन्यातून एकदा आणि सीलबंद दोन-तीन महिन्यांतून एकदा चार्ज करावी. फरशीवर ठेवल्याने बॅटरी उतरते, हा समज जुन्या काळचा आहे. तेव्हा डबे रबराचे, लाकडाचे असत आणि ओल धरत. आजच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशीचे भय नाही. थंडीचे आहे, तेही उतरलेल्या बॅटरीला : तिच्यातले पातळ आम्ल उणे १० अंशांच्या आसपास गोठते आणि डबा तडकतो, पूर्ण भरलेली बॅटरी मात्र लडाखचा हिवाळाही काढते.

लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी हलकी असते आणि महिनोन्‌महिने उतरत नाही. तिला तिचाच चार्जर हवा, शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये, आणि साठवताना पूर्ण भरण्याऐवजी निम्म्याहून थोडी जास्त भरलेली ठेवावी.

मेलेल्या बॅटरीतले शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते. ते वितळवून पुन्हा वापरता येते, म्हणून जुन्या डब्याला बाजारात किंमत आहे. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी तो परत घेऊन पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आतले आम्ल गटारात न ओतता, बुचे घट्ट लावून, डबा उभाच धरून दुकानात न्यावा. नवी बॅटरी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वळते करून देतो.